स्टार्ट दाबायच्या आधी : सेलचा वक्र काढणाऱ्या भाचरांना मामाचे कानमंत्र

बाळा, कोल्हापुरात पातळ थरांचं काम जुनं आहे. शिवाजी विद्यापीठात सी. डी. लोखंडे सरांनी, पी. एस. पाटील सरांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. आज कसबा बावड्याला डी. वाय. पाटील विद्यापीठातही तेच वारं वाहतं. या वाटेला लागलं की पहिल्या वर्षातच पोटेन्शिओस्टॅट पुढ्यात येतो आणि गाईड म्हणतात, "निकेल फोमवरचा तुझा थर पाणी कसं फोडतो, पोलरायझेशन कर्व्ह काढून दाखव." म्हणजे काय, तर करंट पायरीपायरीनं वाढवायचा आणि दर पायरीला सेल किती व्होल्ट मागतो ते टिपायचं.

पूर्वी हे हातानं व्हायचं, आता कॉम्प्युटर करतो. तुम्ही स्टार्ट दाबून चहाला जाता. पण हातानं वाचणारा माणूस आकडा विचित्र दिसला की थांबायचा. ऑटोमॅटिक चाचणी थांबत नाही, चूकसुद्धा न चुकता करते. मशीन जेवढं शहाणं, माणूस त्याहून सावध हवा. या वाटेवरचे खड्डे मामाला तोंडपाठ आहेत, म्हणून हे चार शब्द.

पाणी आणि भांडं

१. पाणी १८.२ मेगाओहम-सेंटिमीटरचं डीआयच (आयन काढलेलंच) घे — काळम्मावाडीचं पाणी थेट पाइपलाइननं शहरात आलं म्हणून ते थेट सेलमध्ये ओतायचं नसतं; त्यातलं क्लोराइड अॅनोडवर स्वतःच ऑक्सिडाइज होतं आणि तू त्याला ऑक्सिजन समजून बसतोस.

२. केओएचच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) बाटलीवरची शुद्धता वाचल्याशिवाय वजन करू नकोस — नेहमीचे दाणे ८५ टक्क्यांच्या आसपास असतात, उरलेलं बहुतेक पाणीच. एक मोलरच्या एका लिटरला ५६ ग्रॅम नव्हे, ६६ ग्रॅम लागतात.

३. गॉगल आधी, झाकण नंतर; आणि दाणे पाण्यात थोडे थोडे टाक, दाण्यांवर पाणी ओतू नकोस — अल्कली डोळ्यात गेली तर आधी वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटं, मग डॉक्टर, आणि वक्राचं काय ते पुढच्या महिन्यात.

४. बाटलीचं झाकण लगेच लाव, जून ते सप्टेंबर तर विशेष — आपल्या पावसाळी हवेत केओएच ओलही पितं आणि कार्बन डायऑक्साइडही. आत कार्बोनेट होत राहतं आणि लेबलवरचा आकडा तेवढा जुनाच दिसत राहतो.

५. निकेलवर काम करत असशील तर केओएचमधलं लोखंड आधी काढ, निदान ते आहे हे लिहून तरी ठेव — लोखंडाचा अंशही निकेलचा अॅनोड जोमदार करतो, हे कॉरिगन यांनी १९८७ सालीच दाखवलं. शिरोलीच्या फाउंड्र्यांच्या जिल्ह्यात लोखंडाशी आपली ओळख आहे, पण त्याचं श्रेय आपल्या थराला द्यायचं नाही.

६. अल्कलीत लांबची चाचणी असेल तर काचेचा बीकर सोड, टेफ्लॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनचं भांडं घे — केओएच काच हळूहळू खातं आणि खाल्लेलं तुझ्या द्रावणात सोडतं.

७. इलेक्ट्रोडचं एक चौरस सेंटिमीटर मोकळं ठेवून बाकीचं इपॉक्सीनं नाहीतर साध्या नेलपॉलिशनं झाक, आणि नीट वाळू दे — निकेल फोम द्रावण वर ओढून घेतो. तू एक सेंटिमीटर बुडवलंस तरी काम दीड सेंटिमीटरचं होतं, आणि करंट फुकट वाढल्यासारखा दिसतो.

८. क्षेत्रफळ आणि थराचं वजन बुडवायच्या आधी वहीत लिही — नंतर आठवलेलं वजन हवं तसंच आठवतं.

तारा आणि क्लिपा

९. सेल बंद असतानाच तारा जोड, आणि रेफरन्स इलेक्ट्रोडची तार सर्वांत आधी तपास — रेफरन्स तुटका असला की पोटेन्शिओस्टॅट त्याला शोधत पूर्ण ताकदीनं व्होल्टेज ढकलतो. महिनाभर वाढवलेला थर मग डोळ्यांदेखत सोलून निघतो.

१०. करंटची तार वेगळी आणि व्होल्टेज मोजायची तार वेगळी, दोन्ही इलेक्ट्रोडच्या शक्य तितक्या जवळ लाव — एका जोडात ०.०५ ओहमचा अडथळा असला तरी एका अँपिअरला ५० मिलिव्होल्ट तिथंच सांडतात.

११. क्लिपेचे दात दर सोमवारी बारीक पॉलिश पेपरनं घास आणि पुसून कोरडे कर — केओएचच्या तुषारांनी त्यांच्यावर हिरवट थर धरतो. क्लिप ढिली, रात्र गेली.

१२. रेफरन्सच्या टोकाशी बुडबुडा अडकलाय का ते उजेडासमोर धरून बघ — बुडबुड्यानं वाट अडली की आकडा उड्या मारतो, आणि तू मात्र त्या उड्यांना शास्त्रीय कारण शोधत बसतोस. बुडबुडा छोटा, आकडा खोटा.

१३. अल्कलीत मर्क्युरी–मर्क्युरी ऑक्साइडचा रेफरन्स वापर. सिल्व्हर–सिल्व्हर क्लोराइडचा तिथं फार वेळ ठेवू नकोस — त्याच्यातून क्लोराइड झिरपतं, द्रावण उलटं आत शिरतं, आणि त्याचा आकडा सरकत जातो.

१४. रेफरन्सचा आकडा पुस्तकातून उतरवू नकोस; अधूनमधून हायड्रोजन सोडलेल्या द्रावणात प्लॅटिनमशी ताडून बघ — एक मोलर केओएचमध्ये आरएचईशी (रिव्हर्सिबल हायड्रोजन इलेक्ट्रोडशी) फरक साधारण ०.९२ व्होल्टचा निघतो. तुझा दहा-वीस मिलिव्होल्टनं निराळा निघाला, तर तेवढ्यात शोधनिबंधाचा निष्कर्ष फिरतो.

१५. हायड्रोजनची बाजू तपासताना समोर प्लॅटिनमची तार लावू नकोस, ग्रॅफाइटची कांडी लाव — प्लॅटिनम थोडं थोडं विरघळून तुझ्या थरावर जाऊन बसतं. मग पाचशे आवर्तनांनी "सुधारलेला" उत्प्रेरक तुझा नसतो, सोनाराच्या दुकानातला असतो.

१६. नवीन प्रोग्रॅम आधी सेलवर नव्हे, १० ओहमच्या रेझिस्टरवर चालव — ०.१ अँपिअरला बरोबर १ व्होल्ट आणि कागदावर सरळ रेघ आली पाहिजे. रेघ वाकली तर दोष तारांत किंवा प्रोग्रॅममध्ये आहे. रसायनाला बोल लावू नकोस.

प्रोग्रॅम लिहिताना

१७. करंट शून्य ठेवून ओपन सर्किट व्होल्टेज आधी बघत बस, आकडा सरकायचा थांबला की मगच पहिली पायरी — भिजायला, स्थिरावायला सेललाही वेळ लागतो, आणि घाईनं काढलेली पहिली पायरी सगळ्या वक्राला तिरकं करते.

१८. इलेक्ट्रोलायझरला करंट ठरवून दे आणि व्होल्टेज वाच. गंज आणि पॅसिव्हेशन बघायचं असेल तर उलटं, व्होल्टेज ठरव — पॅसिव्ह होताना करंट आधी चढून मग पडतो, आणि करंट धरून चाललास तर तो उंचवटा उडी मारून ओलांडला जातो. असं व्होल्टेज धरून ठेवायला हिकलिंग यांनी १९४२ साली पोटेन्शिओस्टॅट मांडला, तो आपल्याला आयता मिळालाय.

१९. खालच्या करंटला पायऱ्या जवळजवळ ठेव, वर गेल्यावर लांब टाक — वक्राची वळणं सगळी खालीच असतात. वर बहुतेक सरळ चढ असतो, तिथं दर पावलाला थांबून काही नवं कळत नाही.

२०. पायरी घड्याळावर संपवू नकोस, आकडा स्थिर झाल्यावर संपव, आणि सरासरी शेवटच्या काही सेकंदांचीच घे — पायरी बदलल्याबरोबरचा आकडा हा सेलचा दचका असतो, उत्तर नसतं.

२१. सुपरकपॅसिटरच्या इलेक्ट्रोडवर पाणी फोडत असशील तर वेगानं स्कॅन करून फसू नकोस — कपॅसिटन्स एक फॅरड आणि वेग सेकंदाला ५ मिलिव्होल्ट असला तर ५ मिलिअँपिअर नुसता साठवणीचा करंट असतो. त्यात एक थेंब पाणी फुटलेलं नसतं.

२२. व्होल्टेजला वरचा लगाम घाल आणि तो ओलांडला की सेल आपोआप बंद होईल असं लिही — द्रावण आटलं, क्लिप सुटली, तरी प्रोग्रॅमला करंट पुरा करायचाच असतो. त्याला दया शिकवलेली नाही.

२३. द्रावणाचा अडथळा इम्पिडन्सनं मोज आणि आयआर दुरुस्ती (त्या अडथळ्यात सांडलेले व्होल्ट वजा करणं) केलीस तर ८५–९० टक्क्यांवर थांब — शंभर टक्क्यांच्या हट्टानं पोटेन्शिओस्टॅट थरथरायला लागतो, आणि ती थरथर थरालाच भोगावी लागते.

२४. वर चढताना जेवढ्या पायऱ्या, तेवढ्याच उतरताना घाल — दोन्ही वक्र एकमेकांवर बसले तर सेल स्थिर आहे. मध्ये फट पडली तर वाटेत काहीतरी बदललं. चढता वक्र मिरवायला, उतरता वक्र पारखायला.

२५. फाइलच्या नावात तारीख, नमुना, द्रावण आणि कितवी फेरी एवढं असू दे — "फायनल", "फायनल नवीन", "खरंच फायनल" या तिघांत खरी कोणती, ते प्रबंध लिहिताना देवालाही सांगता येत नाही.

२६. दर पायरीला डेटा डिस्कवर उतरेल असं सेटिंग ठेव, कॉम्प्युटरची झोप आणि आपोआप होणारे अपडेट रात्रीपुरते बंद कर — अपडेटला नेमका पहाटे तीनचा मुहूर्त आवडतो.

२७. यूपीएसवर कॉम्प्युटर आणि पोटेन्शिओस्टॅट दोन्ही असू देत, आणि लाइट परत आल्यावर चाचणी आपली आपण सुरू होणार नाही हे बघ — मधल्या वेळात सेल बदललेला असतो. अर्ध्यावरून जोडलेल्या वक्राला सांधा दिसत नाही, पण सांधा असतो.

२८. चाचणी संपल्यावर यंत्र सेल मोकळा सोडतं की शेवटचा करंट धरून ठेवतं, ते आधी वाच — शनिवारी संपलेली चाचणी सोमवारपर्यंत करंट पाजत राहिली, तर सोमवारी तपासायला काही उरत नाही.

चालू असताना

२९. पहिल्या पाच पायऱ्या स्वतः बघ, मग चहाला जा — निम्म्याहून जास्त घोटाळे तिथंच तोंड दाखवतात, आणि चहा पळून जात नाही.

३०. थर्मामीटरचं टोक द्रावणात ठेव आणि तापमानही त्याच फाइलीत नोंदव — पाणी फोडायचं आदर्श व्होल्टेजच दर अंशाला सुमारे ०.८५ मिलिव्होल्टनं उतरतं, प्रत्यक्ष सेलचं त्याहून जास्त. एप्रिलच्या दुपारचा वक्र डिसेंबरच्या सकाळच्या वक्राशेजारी ठेवून शेखी मिरवू नकोस. सेल गरम, व्होल्ट नरम.

३१. ढवळणी लावलीस तर तिचा वेग लिही, आणि सगळ्या नमुन्यांना तोच ठेव — मोठ्या करंटला इलेक्ट्रोडवर बुडबुड्यांची चादर पसरते. ती कोण किती लवकर झटकतं, यातच अर्धा निकाल ठरतो.

३२. हायड्रोजनची नळी खिडकीबाहेर किंवा फ्यूम हूडमध्ये सोड, ऑक्सिजनच्या नळीशी तिची गाठ घालू नकोस — एका अँपिअरला मिनिटाला सुमारे ७ मिलिलिटर हायड्रोजन निघतो. हवेत ४ ते ७५ टक्के एवढ्या मोठ्या पट्ट्यात तो पेटू शकतो.

३३. रात्रभराची चाचणी असेल तर पातळीची खूण भांड्यावर कर — एक अँपिअर तासाला ०.३४ ग्रॅम पाणी फोडतो, शिवाय तुषार आणि वाफ वेगळी. इलेक्ट्रोड उघडा पडला की वक्र झेप घेतो, आणि त्या झेपेचं श्रेय कुणाला द्यावं हे कळत नाही.

३४. मध्येच क्लिप हलवून "जरा बघतो" असं करू नकोस — यंत्राला तुझी उत्सुकता कळत नाही, ते तिचाही आकडा नोंदवतं.

आलेख वाचताना

३५. वक्राचे तीन भाग वेगळे ओळख: सुरुवातीचं वळण उत्प्रेरकाचं, मधला सरळ चढ अडथळ्याचा, शेवटची उभी झेप माल पोहोचत नसल्याची — कुठल्या भागात बिघाड आहे ते कळलं, की थर बदलायचा, तारा बदलायच्या की ढवळणी, ते आपोआप कळतं.

३६. त्या शेवटच्या झेपेवर शंका आली तर हुपरीला चांदीवर मुलामा चढवणाऱ्याला विचार — करंट हावरेपणानं वाढवला की मुलामा काळा पडून जळतो, हे त्याला पुस्तक न वाचता ठाऊक असतं. पृष्ठभागापाशी आयन पोहोचायच्या आधीच करंट मागितला जातो, एवढंच ते शास्त्र.

३७. दोन इलेक्ट्रोडच्या सेलमध्ये साध्या तापमानाला १.२३ व्होल्टच्या खाली भरघोस करंट दिसला तर पेढे वाटू नकोस — तिथं पाणी फुटूच शकत नाही. तुझा थर, कार्बन किंवा एखादी अशुद्धी ऑक्सिडाइज होतेय.

३८. निकेलवर ऑक्सिजनच्या आधी, आरएचईवर १.३५ ते १.४ व्होल्टच्या आसपास एक शिखर येतं, त्याला ऑक्सिजनचा करंट धरू नकोस — ते निकेलच्या स्वतःच्या ऑक्सिडेशनचं असतं. १० मिलिअँपिअरला लागणाऱ्या व्होल्टचा आकडा उतरत्या वक्रावरून घेतलास तर ते आडवं येत नाही.

३९. टाफेलचा उतार काढायचा तर आयआर दुरुस्त केलेल्या, स्थिर पायऱ्यांवरून काढ आणि करंट निदान दहापट बदलेल एवढा पट्टा घे — युलियस टाफेल यांनी १९०५ साली दिलेली रेघ सरळ आहे, पण तीन बिंदूंमधून कुठलीही रेघ सरळच दिसते.

४०. दुरुस्त केलेला वक्र छापायचा तर कच्चाही शेजारी दे — दुरुस्ती किती केली हे दाखवणाऱ्यावर विश्वास बसतो, झाकणाऱ्याचा वक्र फक्त देखणा असतो.

४१. एका नमुन्याचा वक्र म्हणजे बातमी, तीन नमुन्यांचा म्हणजे निकाल — आणि तिन्ही वेगवेगळ्या दिवशी बनवलेले हवेत. एकाच पट्टीचे तीन तुकडे कापलेस तर ती एकच साक्ष तीनदा.

४२. पाच-दहा मिलिव्होल्टसाठी मामा का भांडतो असं वाटलं तर हा हिशेब कर: सेलच्या दर व्होल्टला एक किलो हायड्रोजनमागे २६.६ युनिट वीज लागते — १.८ व्होल्टचा सेल सुमारे ४८ युनिट खातो, आणि ५० मिलिव्होल्टची चूक म्हणजे किलोमागे १.३ युनिट. ४ जानेवारी २०२३ ला मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशननं तेव्हा २०३० चं उद्दिष्ट वर्षाला ५० लाख टन ठेवलं होतं. आता गुणाकार तू कर.

आवरताना

४३. रेफरन्स कोरडा ठेवू नकोस, त्याच्याच द्रावणात टोक बुडवून ठेव — एकदा वाळला की दिसतो तसाच, बोलतो मात्र भलतंच.

४४. सेल, नळ्या, क्लिपा डीआय पाण्यानं धुऊनच जागेवर ठेव — सुकलेल्या केओएचची पांढरी पूड उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी बोटाला आणि वक्राला लागते.

४५. वहीत काय झालं एवढंच नको, काय विचित्र वाटलं तेही लिही — रंग बदलला, वास आला, दुपारी लाइट डचमळली. सहा महिन्यांनी परीक्षकाच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक त्याच ओळीत सापडतं.

४६. डेटाची एक प्रत दुसऱ्या जागी त्याच संध्याकाळी ठेव, आणि कच्च्या फाइलीला हात लावू नकोस, दुरुस्त्या तिच्या प्रतीवर कर — कच्चा आकडा वाचला तर चुकलेला निष्कर्षही पुन्हा काढता येतो.

४७. शेजारच्या पोरानं स्वतःचा वक्र दाखवला तर हसू नकोस, त्याचा उतरता वक्र माग, आणि तुझाही त्याला दाखव — स्वतःच्या आलेखातली फट स्वतःला सर्वांत शेवटी दिसते.

एवढं सगळं लक्षात राहणार नाही, ठाऊक आहे मला. मग निदान तीन गोष्टी धर: रेफरन्सची तार, व्होल्टेजचा लगाम आणि उतरता वक्र. आणि उतरता वक्र हाती आल्याशिवाय कुणालाही, अगदी गाईडनाही, आकडा सांगू नकोस.